पोलादावरची नक्षी : वेरूळच्या वाटेवरचे दुर्लक्षित लेणे

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे निघालेला पर्यटक वाटेत देवगिरी-दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबतो. चिनी महालाजवळच्या गोल बुरुजावर चढतो, तिथल्या प्रचंड तोफेच्या मागच्या टोकाला असलेल्या मेंढ्याच्या डोक्यावर हात ठेवून छायाचित्र काढून घेतो आणि वेरूळला उशीर होईल म्हणून घाईने पुढे जातो. तासाभराने हाच पर्यटक कैलास लेण्यातील एखाद्या शिल्पापुढे स्तब्ध उभा राहतो. दगडावरचे काम म्हणजे कला आणि शस्त्रावरचे काम म्हणजे कारागिरी, अशी आपल्या मनाने केव्हाच वाटणी करून टाकली आहे. ही वाटणी किती बरोबर, याचा विचार करायला वेरूळचा परिसर फार सोयीचा आहे. दगड कोरण्याची परमावधी आणि धातू घडवण्या-कोरण्याची एक उत्तम परंपरा येथे काही मैलांच्या अंतरात नांदते.

तोफा आणि बंदुका यांवरील नक्षीकाम हा जगभर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. इटली, इंग्लंड, बेल्जियम, ऑस्ट्रिया येथे बंदुकीवर कोरीवकाम करणाऱ्या कारागिरांची नावे चित्रकारांच्या नावांसारखी घेतली जातात. दख्खनमध्ये ही कला सोळाव्या-सतराव्या शतकांत वैभवाला पोहोचली होती. तिचे नमुने आजही किल्ल्यांवर उघड्यावर आणि संग्रहालयांत काचेआड आहेत. मात्र ते कसे पाहावेत, हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही.

वेरूळचा धडा

राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कैलास लेण्याचे काम झाले असे मानले जाते. डोंगर वरून खाली कापत आणला गेला. या पद्धतीचा एक निष्ठुर नियम आहे. जो दगड काढला तो परत लावता येत नाही. चित्रकाराला रंग पुसता येतो, मातीकाम करणाऱ्याला गोळा पुन्हा मळता येतो; कोरणाऱ्याला मात्र आपली प्रत्येक चूक जन्मभर सांभाळावी लागते.

बंदुकीच्या नळीवर कोरणी चालवणारा कारागीर याच नियमाने बांधलेला असतो. फरक इतकाच की, वेरूळच्या शिल्पकाराची चूक बोटभर असली तरी ती सावलीत लपू शकते. पोलादावरची केसाएवढी चूक उजेडात चमकते. म्हणून ज्याची दृष्टी वेरूळला तयार झाली, त्याला शस्त्रावरची नक्षी समजायला वेगळे शिक्षण लागत नाही. नजर थोडी जवळ न्यावी लागते, एवढेच.

वेरूळचे आणखीही एक नाते आहे. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले वेरूळचे पाटील होते आणि निजामशाहीच्या चाकरीत होते. ज्या निजामशाहीच्या दरबारात भोसले घराणे पुढे आले, त्याच दरबाराने दख्खनमधील सर्वांत देखणी तोफ ओतवून घेतली. त्या तोफेकडे वळण्यापूर्वी मेंढ्याकडेच थोडे नीट पाहू.

नाव बादशहाचे, हात ओतकाराचा

लोक जिला ‘मेंढा तोफ’ म्हणतात, तिच्या अंगावर तिचे खरे नाव लिहिलेले आहे, ‘किला शिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी. मेंढ्याचे डोके तोफेच्या मागच्या टोकाला आहे, तोंडाशी नाही. वळलेली शिंगे आणि पुढे आलेले नाक यांमुळे धातूचा जो बोजड गड्डा एरवी नुसता गड्डा राहिला असता, त्याला जीव आला आहे. मेंढा टक्कर देणारा प्राणी आहे. तटाला धडक देणाऱ्या तोफेसाठी याहून योग्य प्रतिमा कोणती असणार? रूप आणि काम यांचा असा मेळ बसणे ही अलंकरणाची पहिली कसोटी.

तोफेवर फारसी अक्षरे आहेत आणि त्यांत औरंगजेबाचे नाव ‘आलमगीर’ या बिरुदासह येते. इतिहासाचा अभ्यासक येथे थांबतो, कारण हे बिरुद त्याने 1658 साली तख्त बळकावल्यानंतर धारण केले. म्हणजे तोफ, निदान तिच्यावरचा लेख, त्यापूर्वीचा असू शकत नाही. तारीख वाचता आली नाही तरी बिरुदावरून काळाची एक मर्यादा अशी ठरवता येते.

रसिकाने मात्र अक्षरांचे वळणही पाहावे. नस्तालीक लिपीतील लांबलचक आडवे फटकारे गोल पृष्ठभागावर बसवताना अक्षरे ताणली वा दबली जाण्याचा धोका असतो. सपाट कागदावर सुंदर दिसणारी ओळ तोफेच्या पाठीवर वाकडी दिसू शकते. ती तशी दिसत नाही, याचे श्रेय बादशहाचे नाही. ते ज्या सुलेखनकाराने मजकूर आखला आणि ज्या ओतकाराने तो धातूत उतरवला त्यांचे आहे. ज्याचे नाव कोरले त्याच्याविषयी आपल्या मनात कोणतीही भावना असो, ज्या हाताने ते कोरले त्याला दाद देण्यात आपले काही उणे होत नाही.

सिंहाच्या जबड्यातील हत्ती

आता ती निजामशाही तोफ. ‘मलिक-ए-मैदान’, मराठी तोंडी ‘मुलूखमैदान’. हिजरी 956, म्हणजे इसवी सन 1549 मध्ये अहमदनगर येथे बुऱ्हाण निजामशहाच्या काळात मुहम्मद नावाच्या रूमी, म्हणजे तुर्की मुलखातून आलेल्या, ओतकाराने ती घडवली. लांबी साधारण साडेचौदा फूट, तोंडाचा आतला व्यास सव्वादोन फुटांहून अधिक आणि वजन सुमारे 55 टन. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि तेथून सतराव्या शतकात विजापूरला नेली गेली. आजही ती विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे.

तिचे तोंड म्हणजे जबडा वासलेल्या सिंहाचे मुख आहे आणि त्या जबड्यात एक हत्ती चिरडला जात आहे. सिंहाने वा शरभाने हत्तीला पंजात धरल्याची शिल्पे महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या दरवाजांवर आपण नेहमी पाहतो. वेरूळला कैलास लेण्याच्या जोत्यावरही हत्ती आणि सिंह ठाण मांडून आहेत. ओतकार परदेशी, आश्रयदाता निजामशहा आणि विषय मात्र या मातीत शतकानुशतके रुजलेला! तोफेचा गोळा सिंहाच्या घशातून बाहेर पडत असे, म्हणजे प्रत्येक बाराला ते शिल्प गर्जना करीत असे. शिल्प, यंत्र आणि नाट्य यांचा इतका नेमका संगम क्वचितच साधला जातो.

या तोफेवर मूळच्या निजामशाही लेखाशेजारी दुसरा लेख आहे. 1686 साली विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने स्वतःचा विजयलेख तिच्यावर कोरवला. जिंकलेली तोफ वितळवून नवी ओतणे शक्य होते. पण तसे केले गेले नाही. विजेत्यालाही ती मोडवली नाही, तिच्यावर आपले नाव असावे एवढीच इच्छा झाली. कलाकृतीला शत्रूने दिलेली ही दादच म्हणायची.

ही दाद पुढच्या राज्यकर्त्यांनी दिली नाही. 1854 साली सातारच्या कमिशनरच्या हुकमाने विजापूरच्या निरुपयोगी मालाचा लिलाव झाला आणि त्यात मुलूखमैदान अवघ्या 150 रुपयांना विकली गेली. स्थानिक अधिकाऱ्याने लोकांच्या मनात या तोफेविषयी किती आदर आहे हे वर कळवले, तेव्हा कुठे तो लिलाव रद्द झाला. 55 टन धातूचा भाव करणाऱ्याला सिंहाच्या जबड्यातील हत्ती दिसला नव्हता.

ओतीव, कोरीव आणि जडाव

शस्त्रावरचे अलंकरण पाहताना पहिला प्रश्न विचारावा तो असा की, ही नक्षी आली कशी? तिचे मुख्यतः तीन प्रकार आहेत.

पहिला ओतीव. तोफेचा साचा करतानाच अक्षरे, पाकळ्या, प्राण्यांची मुखे त्यात घडवलेली असतात. धातू ओतला की ती उठावात येतात. नंतर छिन्नीने कडा साफ केल्या जातात. पंचधातूच्या तोफांवर अशी नक्षी दिसते. लोखंडी पट्ट्या जोडून त्यांवर कडी चढवून केलेल्या तोफांवर ती दिसत नाही, कारण त्या ओतलेल्याच नसतात. त्यांचे सौंदर्य कड्यांच्या लयीत असते.

दुसरा कोरीव. येथे घडलेल्या धातूवर टोकदार कोरणीने रेघ ओढली जाते किंवा छिन्नी-हातोडीने धातू काढला जातो. चांगल्या रेघेची खूण तिच्या शेवटाशी दिसते. कसलेल्या हाताची रेघ बारीक सुरू होते, मध्ये भरते आणि पुन्हा बारीक होत विरून जाते. नवशिक्याची रेघ मध्येच तुटते किंवा टोकाला घसरते.

तिसरा जडाव. याच्याही दोन पद्धती आहेत. ‘तहनिशान’ पद्धतीत पोलादात खोल चर पाडून त्यात सोन्या-चांदीची तार ठोकून बसवतात. ‘कोफ्तगिरी’त चर नसतो. पोलादाच्या पृष्ठभागावर अत्यंत बारीक उभ्या-आडव्या रेघांची जाळी पाडून तो खरखरीत केला जातो आणि त्यावर सोन्याची केसासारखी तार ठोकली की ती त्या खरखरीत पकडते. पहिली पद्धत टिकाऊ आणि महाग, दुसरी नाजूक आणि कमी सोन्यात होणारी. जुन्या बंदुकीवर जेथे सोने झिजले आहे तेथे भिंगातून पाहावे. बारीक जाळी दिसली तर कोफ्तगिरी, स्वच्छ खाच दिसली तर तहनिशान. झीजसुद्धा अशी बोलते.

याच कुळातील बिद्री काम मराठवाड्याला परके नाही. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेल्या वस्तूवर छिन्नीने नक्षी कोरायची, तिच्यात चांदी ठोकून बसवायची आणि शेवटी नवसागर व बिदर किल्ल्यातील माती यांच्या उकळत्या द्रावणात ती वस्तू बुडवायची. मिश्रधातू काळाभोर होतो, चांदी तशीच राहते. तलवारींच्या मुठींपासून हुक्क्यांपर्यंत हे काम होत असे. बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. उदयपूरच्या कोफ्तगिरीलाही त्याच वर्षी भौगोलिक मानांकन लाभले. परंपरा क्षीण झाली असली तरी संपलेली नाही.

बंदूक वाचायची कशी?

तोफेपेक्षा बंदुकीवरचे काम अधिक सूक्ष्म. आपल्याकडची जुनी बंदूक म्हणजे तोड्याची बंदूक. पेटता तोडा रंजकाला लावून बार काढायचा. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, कोल्हापूरचा नवा राजवाडा, हैदराबादचे सालारजंग संग्रहालय येथे जुनी शस्त्रे पाहता येतात. अशा बंदुकीपुढे उभे राहिल्यावर पुढील क्रमाने पाहावे.

प्रथम नक्षी कोठे आहे आणि कोठे नाही ते पाहावे. बहुधा नळीच्या दोन टोकांना ती दाट असते आणि मधला भाग मोकळा. मागचे टोक धारकाच्या डोळ्यासमोर राहते, पुढचे समोरच्याला दिसते. पुढच्या टोकाला बऱ्याचदा वाघाचे किंवा मकराचे मुख असते. मधली मोकळी जागा हा आळस नसून तो विसावा आहे. सगळीकडे सारखीच नक्षी भरलेली वस्तू श्रीमंत दिसते, सुंदर दिसतेच असे नाही.

मग खुद्द नळीचे पोलाद पाहावे. ‘ऐन-ए-अकबरी’त अबुल फजलने नळी तयार करण्याची कृती दिली आहे. लोखंडाची पट्टी पीळ देत गुंडाळून, थरावर थर चढवून नळी घडवली की ती फुटत नाही. अशा पिळाच्या नळीवर पाण्याच्या लाटांसारखे जौहर उमटते. तेथे अलंकार वरून चढवलेला नसतो, धातूच्या पोटातून आलेला असतो. अकबराच्या बंदुकांवर वापरलेल्या लोखंडाचे वजन, त्याचे मूळ ठिकाण, कारागीर, घडवल्याची जागा, तारीख आणि क्रमांक कोरला जात असे, हेही अबुल फजलच सांगतो. कारागिराचे नाव कोरण्याची ही पद्धत आपल्या अनाम शिल्पपरंपरेत उठून दिसते. वेरूळचा डोंगर कोरणाऱ्या शेकडो हातांची नावे आपल्याजवळ नाहीत. बंदुकीच्या नळीवर मात्र कधीकधी ती भेटतात.

तिसरे, नक्षीचा अर्थ पाहावा. टिपू सुलतानाच्या बंदुकांवर वाघ आणि वाघाचे पट्टे पुन्हा पुन्हा येतात. तो त्याचा राजचिन्हासारखा वापर होता. कोठे धर्मवचन ताईतासारखे असते, कोठे फुलांची वेल निव्वळ डोळ्यांच्या सुखासाठी.

युरोपातील बंदुकांचे निकष थोडे वेगळे आहेत. तेथे नक्षी मुख्यतः खटक्याच्या बाजूच्या पट्टीवर असते. पोलाद मऊ असताना कोरायचे आणि मग त्याला पाणी देऊन कठीण करायचे, असा क्रम असतो. 1814 साली स्थापन झालेल्या लंडनच्या पर्डी कारखान्याची गुलाब आणि वेलबुट्टीची नक्षी प्रसिद्ध आहे. उत्तम इंग्रजी बंदुकीत स्क्रूच्या माथ्यावरून नक्षी अखंड पुढे जाते आणि सगळ्या स्क्रूंच्या खाचा नळीला समांतर, एकाच दिशेने बसवलेल्या असतात. इटलीतील ब्रेशियाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोंपिया या गावाच्या परिसरात ‘बुलिनो’ ही पद्धत फुलली. हातोडी न वापरता, भिंगाखाली, केवळ तळहाताच्या दाबाने असंख्य ठिपके आणि सूक्ष्म रेघा उमटवून पक्ष्याचे पीस वा हरणाची लव छायाचित्राइतकी हुबेहूब दाखवायची. फिर्मो फ्राकास्सी हे या पद्धतीतील मान्यवर नाव.

यंत्राची नक्षीही जुनीच आहे. अमेरिकेतील कोल्ट कारखान्याने 1851 च्या आपल्या ‘नेव्ही’ पिस्तुलाच्या चक्रावर नौकायुद्धाचे दृश्य उमटवले, ते कोरलेला साचा दाबून फिरवून. मूळ साचा नोटा कोरणाऱ्या कलावंताने केलेला होता, पण प्रत्येक पिस्तुलावर त्याची छापील प्रत आली. आज लेसरने काही मिनिटांत नक्षी होते. हाताचे काम ओळखण्याची सोपी खूण म्हणजे दोन सारख्या दिसणाऱ्या पानांत असणारा किंचित फरक. यंत्र असा फरक करीत नाही.

मारण्याच्या वस्तूला सजवावे का?

हा प्रश्न कोणत्याही सुजाण वाचकाच्या मनात येईल आणि तो टाळू नये. जिचे काम जीव घेणे, तिच्यावर फुलांची वेल काढणे हा कलेचा अपमान नव्हे काय? याला एक उत्तर असे की, अतिशय नक्षीदार शस्त्रे बहुधा युद्धापेक्षा दरबारात, नजराण्यात आणि शिकारीत मिरवली. पण हे उत्तर अपुरे आहे. मुलूखमैदान केवळ शोभेची नव्हती.

अधिक खरे उत्तर असे असेल की, अलंकरणाने शस्त्र निरागस होत नाही आणि शस्त्रामुळे अलंकरण खोटे ठरत नाही. कैलास लेण्याच्या भिंतींवरही रामायण-महाभारतातील लढाया कोरलेल्या आहेत. हिंसेचे दृश्य कोरलेला दगड आपण कला म्हणून स्वीकारतो, तर हिंसेचे साधन कोरलेले पोलादही डोळे उघडे ठेवून पाहता आले पाहिजे. ज्या तोफेपुढे कोणा एकाचा जीव गेला, तिच घडवताना दुसऱ्या कोणी आपला जीव ओतला, ही दोन्ही सत्ये एकाच वेळी मनात धरता येणे म्हणजेच इतिहासाची प्रौढ समज.

जपणूक आपल्या हाती

दगडी शिल्पाचा एक थर झिजला तरी त्याचा आकार उरतो. कोफ्तगिरीचा थर गेला की सगळेच गेले. म्हणून या कलेचे सर्वांत मोठे शत्रू म्हणजे घासणे आणि हाताळणे. ज्या घरांत पिढीजात शस्त्रे आहेत, तेथे खंडेनवमीच्या आधी ती चिंच, राख किंवा बाजारी पावडर लावून लखलखीत करण्याची चाल आहे. श्रद्धा मोलाची, पण त्या घासण्यात दरवर्षी थोडे सोने निघून जाते आणि ओल्या हळदी-कुंकवाचा ओलावा नक्षीच्या खाचांत गंज धरवतो. मऊ कोरड्या कापडाने पुसावे, पूजेला फूल आणि अक्षता वाहाव्यात, गंध म्यानाला वा खालच्या वस्त्राला लावावे. पूजा उणी पडत नाही आणि नक्षीही राहते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

किल्ल्यांवरच्या तोफांचे दुखणे वेगळे आहे. मुलांना तोफेवर बसवणे, दगडाने ठोकून आवाज ऐकणे, किल्लीने नाव कोरणे हे प्रकार आपण सर्वत्र पाहतो. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास 2010 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण कायद्याचा धाक पहारेकरी असेपर्यंतच टिकतो. जे आपल्याला दिसते त्याचीच आपण काळजी घेतो, आणि दिसण्यासाठी पाहायला शिकावे लागते.

वेरूळला जाणाऱ्यांनी म्हणून एवढे करावे. लेणी मंगळवारी बंद असतात; तो दिवस टाळून निघावे आणि देवगिरीसाठी सकाळचा वेळ राखून ठेवावा. तिरपे ऊन पडले की उठावाच्या अक्षरांची सावली पडते आणि दुपारी सपाट भासणारा लेख स्पष्ट उमटतो. बुरुजावर पोहोचल्यावर तोफेला हात न लावता तिच्याभोवती एक फेरी मारावी. मेंढ्याची शिंगे कोठे वळतात, अक्षरांची ओळ तोफेच्या गोलाईवर कशी बसते ते पाहावे. मग वेरूळला जावे. दगड आणि धातू यांच्यात आपण ओढलेली रेघ तेवढ्या प्रवासात बरीच पुसट झालेली असेल.